पेशंट आत आहे

मेश्रामबाईंच्या शोकसभेत मला बोलण्यासाठी दोन मिनिटे देण्यात आली होती. मी उठलो नाही. माझ्या आधी तिघेजण बोलून गेले होते आणि तिघांनीही बाईंविषयी जे सांगितले ते चूक होते. ते खोडून काढायला दोन मिनिटे पुरली नसती, आणि न खोडता बोलणे माझ्या स्वभावात नाही. म्हणून हे लिहितो आहे.

शालिनी मेश्राम नागपुरातील एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात मेट्रन होत्या, म्हणजे तेथील सर्व परिचारिकांच्या प्रमुख. त्याच रुग्णालयाचा मी निवृत्तीपर्यंत कायदेविषयक सल्लागार होतो. शोकसभेत सर्वांत आधी बोलले ते एक निवृत्त सर्जन. त्यांनी बाईंना ‘मायेची सावली’ म्हटले. मग कर्मचारी संघटनेचे पुढारी उठले. बाईंनी भर कॉरिडॉरमध्ये एका डॉक्टरच्या कानशिलात लगावली, असे त्यांनी सांगितले आणि टाळ्या घेतल्या. शोकसभेत टाळ्या! शेवटी विद्यमान संचालक म्हणाले, विमा कंपनीच्या अटी आणि वकीलसाहेबांची दूरदृष्टी यांतून आपले रुग्णसुरक्षेचे धोरण उभे राहिले, बाईंनी ते निष्ठेने राबवले.

वकीलसाहेब म्हणजे मी. हे विधान माझ्या स्तुतीचे आहे म्हणून मी ते चालवून घेईन असे ज्यांना वाटले, त्यांनी मला ओळखलेले नाही. माझ्या नावावर जिंकलेले खटले पुरेसे आहेत. दुसऱ्याची जीत मला नको.

आधी त्या सावलीचे पाहू. बाईंची सावली कोणाला मायेची वाटली असेल तर तो माणूस भर उन्हात दुसऱ्याच कोणाच्या तरी सावलीत उभा असणार. उंच, काळ्यासावळ्या, कडक स्टार्चची पांढरी साडी, आणि आवाज असा की तळमजल्यावर बोलल्या तर दुसऱ्या मजल्यावरची आया हातातली बादली खाली ठेवी. जरीपटक्याहून येणाऱ्या ऑटोवाल्याशी भाड्यावरून रोज सकाळी फाटकाजवळ भांडत. ऑटोवाला मात्र वर्षानुवर्षे तोच होता. राग धरून ठेवण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. त्यांच्या मुलीच्या मंगलपरिणयाला मी उच्च न्यायालयातील सुनावणीमुळे जाऊ शकलो नाही, तर पुढे कित्येक वर्षे माझी ओळख करून देताना त्या म्हणत, “हे आपले वकीलसाहेब. लग्नाले येत नाहीत, नोटीस द्यायले येतात.” शनिवारी फाटकाबाहेरच्या गाडीवर सगळ्या सिस्टरांना तर्री-पोहे खाऊ घालत. डॉक्टरांना कधी विचारत नसत. डॉक्टर ऐकू येण्याइतक्या अंतरावर असताना म्हणत, “यायले तिखट झेपत नाही.”

मायाळू नव्हत्या, असे मी म्हणत नाही. त्यांची माया दिसायला मायेसारखी नव्हती, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्यांची एक सवय मात्र कोणत्याही भाषणात आली नाही. वॉर्डात खाटांभोवती पडदे असतात आणि पडद्यावर टकटक करता येत नाही. म्हणून बाई कमरेच्या जुडग्यातली किल्ली काढून पडद्याच्या लोखंडी दांडीवर दोनदा वाजवत आणि विचारत, “येऊ का?” उत्तर येईपर्यंत बाहेर थांबत. एकदा अतिदक्षता विभागात एका बेशुद्ध म्हाताऱ्या बाईंच्या पडद्याशीही त्यांनी किल्ली वाजवली, तेव्हा एक तरुण डॉक्टर हसला.

“मेट्रन, त्यांना काय कळतंय?”

“मले कळते ना,” बाई म्हणाल्या.

आता माझ्या धोरणाविषयी. पुरुष डॉक्टर स्त्री-रुग्णाची तपासणी करताना स्त्री-परिचारिका हजर असली पाहिजे, हा नियम मी लिहिला, हे खरे. वैद्यकीय आचारसंहिता तेच सांगते, विम्याची अट तीच होती, आणि उद्या दावा उभा राहिला तर रुग्णालयाच्या हाती काही असावे, हे पाहणे माझे काम होते. तो नियम मी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून, चौकटीत बसवून ओपीडीच्या भिंतीवर लावला. काही दिवसांनी पाहतो तो त्या चौकटीच्या खिळ्याला बाईंची छत्री लटकलेली. मी लेखी हरकत घेतली. बाईंनी तोंडी उत्तर पाठवले: वकीलसाहेबांच्या पोस्टरपेक्षा छत्रीचा जास्त उपयोग होतो, खिळा तिलाच द्यावा. तो फलक कायद्याच्या दृष्टीने आवश्यक होता, हे माझे मत आजही कायम आहे. पण नियम भिंतीवर होता आणि पडद्याआड नव्हता, हे बाईंनी माझ्या आधी ओळखले होते. ते मलाही लवकरच पाहावे लागले.

आमच्या एका डॉक्टरविरुद्ध जिने तक्रार केली ती तरुण स्त्री कोण होती, कोणत्या गावची, हे मी सांगणार नाही. कायदा त्याची परवानगी देत नाही आणि बाईंनीही दिली नसती. संत्र्याच्या भागातली होती, सासूबरोबर एसटीने आली होती, एवढे पुरे. चौकशी समितीसमोर काय झाले तेही सांगणार नाही. समितीच्या बाहेर जे झाले तेवढेच सांगतो.

बाईंनी कोणाला रंगेहाथ पकडले नाही. त्या कॉरिडॉरमधून चालल्या होत्या. बाकावर ती मुलगी बसली होती. रडत नव्हती. खांद्यावरची सेफ्टी पिन काढी, पदर नीट करी, पिन लावी, आणि पुन्हा काढी. सासू शेजारी बसून औषधांच्या चिठ्ठीची घडी करत होती. बाई चार पावले पुढे गेल्या आणि परत फिरल्या. तिच्या शेजारी बसल्या. काय झाले, असे विचारले नाही.

“चहा घेशील का वं?”

मुलीने मान हलवली. सासू म्हणाली, “मोठ्ठे डॉक्टर आहेत जी. मस्त तपासलं. घाबरून राहिली उगीच.”

बाई सासूला म्हणाल्या, “मावशी, औषधं खाली भेटतात. तुम्ही घेऊन या, तवर मी आहे इथं.” सासू गेली. मुलीने पिन पुन्हा काढली, पुन्हा लावली. मग त्या मुलीने एकच प्रश्न विचारला.

“ते सिस्टर काहून गेली?”

सिस्टर का गेली, हा प्रश्न बाईंनी मला त्याच संध्याकाळी सांगितला, आणि सांगण्याआधी त्या मुलीची परवानगी घेतली होती. डॉक्टरांनी काय केले हे तिने नंतर, तिच्या सवडीने, जिथे सांगायचे तिथे सांगितले. पण पहिला प्रश्न तो होता.

सिस्टर खरोखरच गेली होती. ती नोकरीवर नवीनच लागलेली मुलगी होती. बाईंनी तिला स्वतःच्या खोलीत बोलावले तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

“तुले कोणी पाठवलं?”

“सरांनी, मॅडम. रिफ्लेक्सची हातोडी आणायले.”

“कुठं होती हातोडी?”

“खालच्या ओपीडीत.”

“अन् पेशंट टेबलावर होती.”

“हो.” मुलगी रडू लागली. “सरांनी सांगितलं तं नाही कसं म्हणू मॅडम? माही नोकरी जाईन का?”

बाई तिला रागावल्या नाहीत. बाईंचे न रागावणे ही इतकी दुर्मिळ गोष्ट होती की मीच अस्वस्थ झालो. त्या उठल्या, तिला पाणी दिले, आणि मग दोन दिवस वॉर्डावॉर्डांत जाऊन प्रत्येक सिस्टरला एकच विचारत राहिल्या: पेशंट टेबलावर असताना तुला बाहेर पाठवतात का? सगळ्यांनाच पाठवत असत. टॉर्चसाठी, फाइलसाठी, कोणाला तरी बोलावण्यासाठी. वाईट डॉक्टर पाठवत, आणि चांगले तर अधिकच पाठवत, कारण त्यांच्या मनात काही नसे. आणि प्रत्येक तपासणीच्या कागदावर मात्र ‘परिचारिका हजर’ असे लिहिलेले असे. त्या दिवशीच्या कागदावरही होते. माझ्या नियमाचे पालन झाले होते!

विश्वस्त मंडळाला प्रकरण लवकर मिटवायचे होते. ते डॉक्टर नावाजलेले होते आणि त्यांच्या नावावर रुग्णालय चालत होते, असे निदान मंडळाला वाटत होते. अध्यक्ष कळमन्यातले धान्याचे व्यापारी, वाईट गृहस्थ नव्हेत. बैठकीत ते म्हणाले, “बाई, गलतफहमी झाली असन. इतके वर्षांचे डॉक्टर आहेत. सिस्टरनं जागा सोडली, ते तं तिची चूक आहे ना? तिले काढून टाका, पोरीच्या घरच्याले समजवा, विषय खतम.”

मी कायद्याची बाजू मांडली. परिचारिकेला काढल्याने रुग्णालयाची जबाबदारी सुटत नाही. उलट तक्रार दडपल्याचा ठपका वर बसतो, आणि तसे झाल्यास कोणताही विमा आपल्याला वाचवणार नाही. माझा सल्ला बरोबर होता. तो सर्वांनी ऐकला आणि चहा मागवला.

बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “काढा साहेब तिले. पण त्याच्या आधी माझं एक काम करा. चार नंबरच्या खोलीत चला.”

“काहून?”

“पाहायले.”

चार नंबर ही तपासणीची खोली. आम्ही सगळे जिना उतरून गेलो. वाटेत बाईंनी मला बाजूला घेऊन काय बोलायचे आणि काय करायचे ते सांगितले. खोलीत आल्यावर अध्यक्षांना म्हणाल्या, “साहेब, बूट काढा अन् टेबलावर झोपा. वरची बटनं खोला.”

“हे काय नाटक आहे बाई?”

“नाटकच आहे. चांगलं असन तं टाळ्या वाजवा.”

बाकीचे विश्वस्त हसले. अध्यक्षही हसले आणि हसतच झोपले. बाईंनी त्यांच्या अंगावर चादर घातली, उशाशी उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “वकीलसाहेब, तुम्ही डॉक्टर.” पडदा ओढला गेला. मी ठरल्याप्रमाणे म्हणालो, “सिस्टर, जरा एक्स-रे आणा.”

“हो सर,” म्हणून बाई बाहेर गेल्या.

मी काहीही केले नाही, हे नोंदवून ठेवतो. हात पाठीमागे बांधून टेबलाशी उभा राहिलो आणि त्यांच्याकडे पाहिले, एवढेच. अध्यक्ष आधी हसत होते. मग छताच्या पंख्याकडे पाहू लागले. मग माझ्याकडे. मला ते तीस वर्षे ओळखत होते. त्यांचा हात हळूच वर आला आणि उघड्या बटनांवर थांबला.

“वकीलसाहेब, बोला ना काही.”

मी बोललो नाही.

“बाई कुठं गेल्या?” आणि मग मोठ्याने, “बाई काहून गेल्या?”

पडद्याच्या दांडीवर किल्ली वाजली. “येऊ का साहेब?” बाईंनी विचारले. आत आल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “त्या पोरीनं मले येवढंच विचारलं होतं.”

अध्यक्षांनी तिथेच हात जोडून माफी मागितली, असे पुढे सांगितले जाऊ लागले. तसे काही झाले नाही. त्यांनी शर्टाची बटने लावली, एक चुकीच्या घरात लागले, आणि ते चहा न घेता निघून गेले. पुढच्या बैठकीत सिस्टरला काढण्याचा विषय त्यांनी काढला नाही. त्याच्या पुढच्या बैठकीत म्हणाले, “समितीले आपलं काम करू द्या. मधात कोणी पडायचं नाही.” माणसे अशीच बदलतात, थोडी आणि उशिरा. त्यात कमीपणा नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट करतो. त्या टेबलाने डॉक्टरांवरचा आरोप सिद्ध झाला नाही, आणि बाईंनी तसा दावाही केला नाही. आरोपाची शहानिशा समितीने केली. तिच्या प्रमुख एक ज्येष्ठ महिला डॉक्टर होत्या. बाई फक्त साक्षीदार. डॉक्टरांना त्यांचे म्हणणे मांडण्याची पूर्ण संधी मिळाली. निष्कर्ष त्यांच्या विरुद्ध गेला, त्यांना जावे लागले, आणि वैद्यक परिषदेला कळवण्यात आले. मग ती थप्पड कुठून आली? ज्यांना एवढी लांब आणि रीतसर वाट लक्षात ठेवण्याचा कंटाळा येतो, त्यांनी ती मारली. बाईंचा हात कोणावर उठला नाही. उठला असता तर त्या डॉक्टरांच्या वकिलाने त्याच थपडेवर खटला उभा केला असता. मीही तेच केले असते.

त्यानंतर बाईंनी जे केले ते मात्र पूर्णपणे त्यांचे होते. तपासणीच्या प्रत्येक खोलीत चाकांची एक ट्रॉली आली. टॉर्च, हातोडी, हातमोजे, स्वच्छ चादर, कोरे कागद, जे जे आणायला सिस्टरला पाठवले जाई ते सारे तिच्यावर. “जे लागते ते आत,” बाई म्हणत. आणि पेशंट टेबलावर आहे तोवर सिस्टर बाहेर येणार नाही. डॉक्टरने बोलावले तरी नाही, मेट्रनने बोलावले तरी नाही.

डॉक्टर चिडले. आमच्यावर पहारा बसवता का, असे म्हणू लागले. बाईंनी त्यांना सुनावले, “पहारा नाही, साक्षीदार आहे. उद्या कोणी तुमचं खोटं नाव घेतलं तं हेच पोरगी तुमच्यासाठी उभी राहीन.” हा युक्तिवाद माझा होता. त्यांनी माझ्याकडून घेतला आणि माझे नाव कधी घेतले नाही. शिवाय रुजू होणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरला चार नंबरच्या टेबलावर झोपवण्याची प्रथा त्यांनी पाडली. बहुतेकजण हसत झोपत. उठताना फार थोडे हसत.

पण सिस्टरांना शिकवणे अधिक कठीण गेले. मोठ्या आवाजाला ‘हो’ म्हणण्याची सवय त्यांच्या अंगात मुरली होती, आणि सर्वांत मोठा आवाज बाईंचाच होता. म्हणून बाई स्वतःच परीक्षा घेत. पडद्याबाहेर उभ्या राहून ओरडत, “सिस्टर! बाहेर ये!” बिचाऱ्या धावत बाहेर येत आणि बोलणी खाऊन आत जात. असे कितीतरी दिवस चालले. मग एका दुपारी मी ओपीडीत असताना बाई ओरडल्या आणि आतून कापऱ्या आवाजात उत्तर आले, “मॅडम, पेशंट आत आहे.”

“कोण आहे वं ते, मले नाही म्हणणारी?”

“मी आहे मॅडम.” ती हातोडी आणायला गेलेलीच मुलगी होती. “पण पेशंट आत आहे.”

बाई रागाचा चेहरा तसाच ठेवून निघाल्या. वळणावर मात्र भिंतीला टेकल्या आणि पदराने डोळे पुसले. मी पाहिले, हे त्यांना कळले. “धूळ आहे,” म्हणाल्या. “तुमच्या पोस्टरची.” त्या शनिवारी त्या मुलीला तर्री-पोह्यांच्या दोन प्लेट मिळाल्या.

बाई निवृत्त झाल्या, मीही झालो. त्यांना शेवटचे पाहिले ते गेल्या पावसाळ्यानंतर, त्याच ओपीडीत. मी गुडघ्यासाठी आलो होतो. त्या छातीत दुखते म्हणून आल्या होत्या. वाळल्या होत्या. सुती साडी, हातात छत्री. भिंती नव्याने रंगवलेल्या, माझा फलक कुठेच नव्हता. खिळा मात्र होता. त्यांनी त्याला छत्री अडकवली आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू खटल्याचा निकाल लागला. तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी कोणीही त्यांना ओळखले नाही. सगळे नवे होते.

त्यांना चार नंबरमध्ये बोलावले. तरुण डॉक्टर पडद्याबाहेरच थांबला होता. मी बाकावरून ऐकत होतो.

“काहून थांबून राहिला गा?” आतून बाईंचा आवाज आला. आवाज तेवढा शाबूत होता.

“सिस्टर येऊन राहिली आजी. त्याच्याशिवाय मी आत येत नाही.”

सिस्टर आली, विशी-बाविशीची. पडद्याच्या कडेशी उभी राहून तिने विचारले, “येऊ का आजी?” मग दोघे आत गेले. प्रत्येक गोष्ट करण्याआधी डॉक्टर सांगत होता, विचारत होता. एवढ्यात विभागप्रमुख घाईने आले आणि पडद्याबाहेरूनच म्हणाले, “सिस्टर, जरा खालून रिपोर्ट आणता का?”

“पेशंट आत आहे सर.”

आवाज कापत नव्हता. जरासा कंटाळलेलाच होता, जणू तिला रोजच हे सांगावे लागते. प्रमुख क्षणभर थांबले, “हो, हो,” म्हणाले आणि स्वतःच जिन्याकडे गेले.

मग बाईंनी विचारले, “हे तुले कोणी शिकवलं वं?”

“यात शिकवायचं काय आजी? इथं असंच असते.”

मी बाकावरून उठलो. पडदा सरकवून त्या मुलीला ओरडून सांगावे, हे कोणी शिकवले ते, असे मला वाटले. पण पडदा ओढलेला होता, आणि पेशंट आत होती. मी परत बसलो. पडद्याखालून बाईंच्या चपला दिसत होत्या, एकमेकींना चिकटून ठेवलेल्या.

तपासणी झाल्यावर बाई बाहेर आल्या. खांद्यावरची पिन नीट केली, खिळ्यावरची छत्री काढली. विभागप्रमुख रिपोर्ट घेऊन धापा टाकत जिना चढून येत होते. बाई त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या.

“डॉक्टर, जे लागते ते आधीच वर आणून ठेवत जा.”

प्रमुखांनी त्या अनोळखी म्हातारीकडे पाहिले आणि, का कोण जाणे, सरळ उभे राहिले.

“हो, आजी,” ते म्हणाले.

बाई गेल्या. फाटकापाशी बराच वेळ त्यांचा आवाज येत होता. ऑटोवाला या वेळी नवा होता.